हरिभाऊंची यमू

आधुनिक मराठी कादंबरीचे जनक मानले जाणारे हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या छत्राखाली ते वाढले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना चिपळूणकर, टिळक, आगरकर असे गुरू लाभले. १८८२ मध्ये चिपळूणकर अकाली गेले, तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी ‘शिष्यजनविलाप’ ही कविता लिहिली. पदवी काही पदरी पडली नाही. पुढे काकांच्या आनंदाश्रमाचा कारभार त्यांनी पाहिला, १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातूनच ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः वाचकांच्या हाती दिली.

तो काळ संमतिवयाच्या वादाचा होता. घरातल्या गोष्टींत बाहेरच्यांनी बोलूच नये, असे मानणारे पुष्कळ होते. हरिभाऊंनी त्या घरातल्याच एका मुलीला बोलते केले. कादंबरीतली यमू आपली कहाणी स्वतः सांगते : माहेरचा धाक, आईचे दुःख, लग्न, शिकवणारा प्रेमळ नवरा, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस आणि मग वैधव्य. वरून सोवळे पाळणारे शंकरमामंजी तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन घडवतात. जे घराबाहेर कधी जायचे नाही, ते सारे यमू लिहून ठेवते. वाचकांना बरे वाटावे म्हणून हरिभाऊंनी तिचे दुःख हलके केले नाही. आम्हांला त्यांचे धैर्य इथे दिसते.

‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’ या ऐतिहासिक कादंबऱ्यांतली तलवारीची मर्दुमकी आपण मुलांना कौतुकाने सांगतो. यमूने लेखणी उचलली, हे शौर्य मात्र सहसा सांगत नाही.

१९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हरिभाऊंना मिळाले. ३ मार्च १९१९ रोजी ते गेले. १९६१ मध्ये संमेलन आपल्या ग्वाल्हेरीत भरले. अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या महिला. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा त्यांनीच लिहिला होता.

माधवगंजातल्या आम्हां जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ जपलेली असते. तीत पुरुषांची नावे ओळीने सापडतात. आलवण नेसून माजघरात आयुष्य काढलेली एखादी आत्याबाई मात्र नुसती ‘सोवळ्या आत्याबाई’ म्हणून उरते. तिचे नाव काय, तिने काय सोसले, हे विचारले की मोठी माणसे विषय बदलतात. सांगू शकणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत. यंदा गौरीच्या जेवणाला सगळे जमतील, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना तिचे नाव विचारून वंशावळीत लिहून ठेवू या. हरिभाऊंनी शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आपल्या घरापुरता तरी निकाली निघेल.