चौसष्ट वर्षांनी खुलताबादेत

खुलताबादला रमजानच्या दिवसांत दुपारनंतर गर्दी वाढू लागते. कुणी जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यात फातिहा वाचायला येतो, कुणी बुर्‍हानुद्दीन गरीब यांच्या, कुणी औरंगजेबाची साधी कबर बघून परततो. छत्रपती संभाजीनगरहून भद्रा मारुतीला आलेली माणसेही याच रस्त्यांवरून फिरतात. या गावात आणखी एक दर्गा आहे, सय्यद यूसुफ हुसैनी यांचा. लोक त्यांना शाह राजू कत्ताल म्हणतात. गोवळकोंड्याचा शेवटचा बादशहा अबुल हसन तानाशाह दौलताबादच्या कैदेत वारला, त्याचीही कबर इथेच, याच आवारात आहे. पण शाह राजू कत्ताल यांची खरी ओळख वेगळी. गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचे हे वडील.

बंदानवाज यांचे नाव मराठवाड्यात, सोलापुरात, अक्कलकोटात कुणाला सांगावे लागत नाही. त्यांच्या उरुसाला या भागातून सगळ्या जातिधर्मांचे लोक जातात. मात्र गुलबर्ग्याच्या या संताचे बालपण दौलताबाद-खुलताबादच्या मातीत गेले हे इथल्याच पुष्कळांना माहीत नसते. आणि हे बालपण एका सक्तीच्या स्थलांतरातून आले होते.

मुहंमद हुसैनी यांचा जन्म 1321 सालचा, दिल्लीतला. घर सय्यदांचे, म्हणजे पैगंबरांच्या वंशाचे मानले जाणारे. वडील हजरत निजामुद्दीन औलियांच्या भक्तांपैकी. 1327 मध्ये सुलतान मुहंमद तुघलकाने यादवांच्या देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन राजधानी इकडे आणायचे ठरवले. सगळी दिल्ली ओस पडली असे जुन्या बखरकारांनी लिहिले आहे. आजचे इतिहासकार ते अक्षरशः घेत नाहीत. हलवले गेले ते मुख्यतः दरबारी, अधिकारी, उलेमा, सूफी आणि त्यांची कुटुंबे. राजधानी शहाण्यासुरत्या माणसांशिवाय चालत नाही, हे तुघलकाला कळत होते. माणसे हुकमाने रुजत नाहीत, हे कळत नव्हते.

दिल्ली ते दौलताबाद ही वाट हजार किलोमीटरहून जास्त. काही वर्षांनी इब्न बतूता दौलताबादेत आला, त्याने ही वाट चाळीस दिवसांची सांगितली आहे आणि दुतर्फा झाडांचेही वर्णन केले आहे. पण चाळीस दिवस हे सड्या स्वाराचे. बायकामुले, म्हातारीकोतारी, भांडीकुंडी आणि ग्रंथांच्या पेट्या घेऊन निघालेल्या घराला किती लागत असतील, याचा हिशेब ज्याने एकदा तरी बिऱ्हाड हलवले आहे त्यानेच करावा. या काफिल्यांतून सय्यद यूसुफ, त्यांची पत्नी आणि मुले दक्षिणेत आली. मुहंमद तेव्हा अगदी लहान होता.

दिल्लीच्या माणसाला दख्खन म्हणजे परमुलूखच. हवा वेगळी, धान्य वेगळे, भाषा वेगळी. देवगिरीवर यादवांचे राज्य होते त्याला अजून पिढीही उलटली नव्हती. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याला चाळीसेक वर्षे झाली होती आणि संत नामदेव हयात होते. घरात हिंदवी, मदरशात फारसी-अरबी आणि बाजारात मराठी, अशा तीन आवाजांत हा मुलगा वाढला असणार. आज आपल्या शहराच्या गल्ल्यांतून जी दखनी ऐकू येते, तिची सुरुवात याच काफिल्यांपासून होते. दिल्लीकडची बोली इथे आली आणि तिने मराठीतून ‘नको’ उचलला, ‘च’ उचलला. तो ‘नक्को’ आणि तो ‘इच’ पुढे हैदराबादपर्यंत गेला. ज्यांना जबरदस्तीने आणले, त्यांची बोलीच इथे सगळ्यात आधी घरच्यासारखी झाली, असे म्हणायला हरकत नाही.

त्या वेळी दौलताबादेत बुर्‍हानुद्दीन गरीब होते. अरबी-फारसीत ‘गरीब’ याचा मूळ अर्थ पैसा नसलेला असा नाही. परका, परदेशी, आपल्या माणसांपासून दूर पडलेला, असा आहे. मराठीने शब्द घेतला आणि अर्थ तेवढा बदलला. दोन्ही अर्थ एकाच माणसाला लागू पडायला फारसा वेळ लागत नाही, हे स्थलांतरितांना ठाऊक असते.

1331 मध्ये सय्यद यूसुफ वारले. मुहंमद दहा वर्षांचा होता. वडिलांना आजच्या खुलताबादेत दफन केले. आईचे भाऊ दौलताबादेत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे आधार अगदीच नव्हता असे नाही. पण काही वर्षांत बहीण-भावाचे बिनसले. चरित्रकार यावर फार बोलत नाहीत. विधवा बहीण, भावाचे घर आणि मोठी होत चाललेली मुले, एवढ्यावरून ज्याला समजायचे ते समजते. 1335-36 च्या सुमारास या बाईने मुलांना घेऊन पुन्हा दिल्लीची वाट धरली. त्याच सुमारास सुलतानानेही लोकांना परत जाण्याची मुभा देऊन टाकली होती. ती परत गेली ते काही सुकाळाच्या गावाला नव्हे. त्या वर्षांत दिल्ली आणि दुआबात मोठा दुष्काळ होता. तरी गेली. सुलतानाच्या लहरीची गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते. या बाईच्या निर्णयाची एखाद्या ओळीत उरकली जाते. खरे तर पुढे बंदानवाज जे झाले, त्याचे मूळ या परतीच्या प्रवासात आहे.

कारण दिल्लीत त्यांना गुरू भेटले. निजामुद्दीन औलियांचे उत्तराधिकारी नसीरुद्दीन चिराग देहली यांच्याकडे मुहंमद आणि त्यांचा थोरला भाऊ दोघेही मुरीद झाले, म्हणजे शिष्य. मुहंमद तेव्हा पंधरा वर्षांचे. गुरूंनी त्यांना ध्यानधारणेत घाई करू दिली नाही, आधी विद्या पुरी करायला लावली. कुराण, हदीस, धर्मशास्त्र, तर्क असा सगळा अभ्यास झाला. ‘गेसूदराज’ म्हणजे लांब केसांचा. सांगतात की गुरूंची पालखी खांद्यावर घेताना त्यांचे केस पालखीत अडकले, पण गुरूंना धक्का बसू नये म्हणून ते तसेच चालत राहिले आणि गुरूंनी कौतुकाने हे नाव दिले. 1356 मध्ये चिराग देहली वारले. पस्तीस वर्षांचे गेसूदराज त्यांच्या गादीचे काम दिल्लीत पाहू लागले.

लग्न त्यांनी केले नव्हते. चिश्ती सूफींत हे नवल नाही. खुद्द निजामुद्दीन आणि नसीरुद्दीन दोघेही अविवाहित राहिले. पण इथे पुन्हा आई आडवी आली. तिच्या आग्रहामुळे चाळिशीला येऊन त्यांनी संसार मांडला. दोन मुलगे झाले, अकबर हुसैनी आणि असगर हुसैनी, मुलीही झाल्या. ज्या वयात लोक नातवंडांची स्वप्ने बघतात, त्या वयात या विद्वानाच्या घरात पाळणा हलत होता. खानकाहमध्ये शिष्य, घरात लहान मुले, असे ते दिवस. पुढची तीस-पस्तीस वर्षे त्यांनी दिल्ली सोडली नाही. लहानपणी दोनदा उपटले गेलेले झाड होते ते, आता मुळे धरून बसले होते.

1398 च्या डिसेंबरात तैमूरची फौज दिल्लीच्या दाराशी आली. शहरावर काय ओढवणार याचा अंदाज गेसूदराजांना आला होता. त्यांनी इतरांनाही निघायला सांगितले असे चरित्रकार लिहितात. स्वतः ते मुले, सुना, नातवंडे आणि शिष्य यांना घेऊन बाहेर पडले. नंतर दिल्लीत जी कत्तल आणि लूट झाली, तिच्यातून शहर सावरायला फार काळ जावा लागला. निघाले तेव्हा त्यांचे वय इंग्रजी गणनेने 77, हिजरी गणनेने 80. पहिल्या खेपेला बापाने नेले, दुसऱ्या खेपेला आईने. या वेळी सगळ्या काफिल्याची जबाबदारी त्यांच्यावर होती.

पहिला मोठा मुक्काम ग्वाल्हेरला झाला, तिथे अलाउद्दीन नावाचे त्यांचे शिष्य होते. मग चंदेरी, मग गुजरात, बडोदे, खंबायत. हा सरळ रस्ता नव्हे. दिल्लीची सत्ता कोसळलेली, प्रांताप्रांतांचे सुभेदार आपापल्या तालात. जिथे ओळखीचे कुणी आहे, जिथे वाट मोकळी आहे, तिथून पुढे जायचे, असा तो प्रवास होता. थोरल्या मुलाने, अकबर हुसैनींनी, याच सुमारास वडिलांच्या बैठकींतली बोलणी टिपून ठेवली. ‘जवामिउल कलिम’ नावाने तो ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

दिल्ली सोडल्यानंतरचा पहिला रमजान 1399 च्या मे महिन्यात आला. मध्य भारत-गुजरातचा मे. रमजानचे रोजे प्रत्येक सज्ञान मुसलमानावर फर्ज असले, तरी कुराणाने मुसाफिराला, म्हणजे प्रवाशाला, आणि आजाऱ्याला सवलत दिली आहे. सुटलेले रोजे नंतर सवडीने पुरे करायचे. ज्याला वयामुळे तेही झेपणार नाही, त्याने एका रोज्याबद्दल एका गरिबाला जेवू घालायचे. याला फिदया म्हणतात. जकातीचेही असेच. रमजानमध्ये बहुतेक जण वर्षाची जकात काढतात, शिल्लक संपत्तीचा चाळिसावा हिस्सा. ती कुणाला द्यायची याचे आठ प्रकारचे हक्कदार कुराणात सांगितले आहेत. त्यांत फकीर आहेत, कर्जात बुडालेले आहेत, आणि वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. तो आपल्या गावी श्रीमंत असला तरी चालेल. घरापासून तुटलेला माणूस तेवढ्या काळापुरता गरीबच, हे धर्मशास्त्राने गृहीत धरले आहे. हे नियम ज्यांनी आयुष्यभर इतरांना शिकवले, त्या गेसूदराजांवर ऐंशीच्या उंबरठ्यावर ते स्वतःच लागू झाले.

गुजरातेतून ते दौलताबादेकडे वळले आणि खुलताबादेत वडिलांच्या कबरीपाशी आले. पंधरा वर्षांचा मुलगा इथून गेला होता, तो सुमारे चौसष्ट वर्षांनी म्हातारा होऊन परतला. सोबत जी मुले-नातवंडे होती, त्यांनी हे आजोबा-पणजोबा कधी पाहिलेच नव्हते. बुर्‍हानुद्दीन गरीब जाऊन साठ वर्षे उलटली होती. तुघलकांची सत्ताही इथून कधीच गेली होती. 1347 मध्ये दौलताबादेतच बंड होऊन बहमनी राज्य उभे राहिले होते आणि त्याची राजधानी गुलबर्ग्याला होती. म्हणजे जन्मगाव परक्या फौजेने लुटलेले आणि बालपणाचे गाव आता दुसऱ्याच राज्यात.

त्या राज्याचा सुलतान होता फिरोजशाह बहमनी. तो विद्येचा शौकीन, अनेक भाषा जाणणारा होता. दौलताबादजवळच्या घाटावर त्याने वेधशाळा बांधायला घेतली होती, ती अपुरीच राहिली, असे फिरिश्त्याने लिहिले आहे. दिल्लीचा एवढा मोठा विद्वान आपल्या मुलखात आल्याचे कळताच त्याने दौलताबादच्या सुभेदारामार्फत निरोप धाडला आणि गुलबर्ग्याला बोलावले. 1400 च्या सुमारास गेसूदराज तिथे पोचले. सुलतान सामोरा आला, किल्ल्याजवळ जागा दिली.

दोघांचे सूत मात्र फार दिवस जुळले नाही. फिरोजशाहला तर्क आणि तत्त्वज्ञानात रस, आणि त्याला या विषयांत जे हवे होते ते पाहुण्यात सापडले नाही. त्याचा धाकटा भाऊ अहमद मात्र निस्सीम भक्त झाला. पुढे वारसाचा प्रश्न आला तेव्हा सुलतानाला आपल्या मुलासाठी आशीर्वाद हवा होता, गेसूदराजांचा कौल अहमदकडे होता. झाले, खानकाहची गर्दी आणि गोंगाट किल्ल्याला त्रासदायक वाटू लागला. त्यांना तिथून उठायला सांगण्यात आले. नव्वदीच्या आसपासच्या माणसाने पुन्हा एकदा बिऱ्हाड हलवले, या वेळी शहरातल्या शहरात. आज दर्गा आहे ती हीच जागा.

चिश्ती परंपरा राजदरबारापासून लांब राहण्यासाठी नावाजलेली. त्या मापाने पाहिले तर गेसूदराज राज्याच्या भानगडीत गुंतले, हा आक्षेप काही अभ्यासक घेतात आणि तो अगदीच खोटा नाही. त्यांच्या घराण्याकडे पुढे गावे इनाम आली. पण ज्याचे घर तीनदा मोडले, त्याला मोठ्या कुटुंबासाठी पायाखाली पक्की जमीन हवीशी वाटली, तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

गुलबर्ग्यातली वीसेक वर्षे लिहिण्यात आणि शिकवण्यात गेली. कुराणावर, सूफी ग्रंथांवर त्यांनी फारसी-अरबीत विपुल लिहिले. दखनीतली काही पुस्तकेही त्यांच्या नावावर सांगितली जातात, पण ती त्यांचीच असे अभ्यासक मानत नाहीत. 1409 मध्ये थोरला मुलगा अकबर वारला. बापाची बोलणी टिपून ठेवणारा तो, आणि त्याला मूठमाती द्यायला बाप मागे राहिला. गादी पुढे धाकट्या असगर हुसैनींकडे गेली.

1422 च्या सप्टेंबरात अहमद तख्तावर बसला. त्यानंतर सव्वा महिन्यानेच, 1 नोव्हेंबरला, गेसूदराज वारले. हिजरी गणनेने 104 वर्षांचे होऊन. अहमदशाहच्या काळात त्यांच्यावर मोठा घुमट उभा राहिला. दरवर्षी जिल्काद महिन्याच्या मध्यावर तिथे उरूस भरतो. अहमदशाहने पुढच्या काही वर्षांत राजधानी बिदरला नेली. दरबार गेला, कारकून-अंमलदार गेले, त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले. बंदानवाज यांचे कुटुंब मात्र या वेळी हलले नाही, ते गुलबर्ग्यातच राहिले.