सर अकबर हैदरी : समजणाऱ्या भाषेतले विद्यापीठ



आपल्या वारंगा फाट्यावर उभे राहिले की एक रस्ता कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा अर्धापूरवरून नांदेडला आणि तिसरा हदगाववरून पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे, पुढे नागपूरच्या दिशेला. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी हे रस्ते दोन वेगळ्या दुनियेत नेत. पैनगंगेपलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड होता, तर अलीकडचा आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात होता. येथल्या मुलाला पदवी घ्यायची तर त्याची वाट हैदराबादेकडे जाई. त्या वाटेच्या टोकाला ज्यांनी एक विद्यापीठ उभे केले, त्या मरहूम सर अकबर हैदरी यांच्या जीवनाची ओळख आपल्या मुलांना असावी, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

अकबर हैदरी यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८६९ रोजी मुंबईत एका बोहरा व्यापारी कुटुंबात झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १८८८ साली, वयाची विशी गाठण्यापूर्वीच, हिंदुस्थान सरकारच्या अर्थखात्यात रुजू झाले. त्यांच्या पत्नी अमीना बेगम तय्यबजी घराण्यातल्या. १९०८ साली मुसी नदीला महापूर येऊन हैदराबाद शहराची वाताहत झाली, तेव्हा मदतकार्यात त्यांनी स्वतःला झोकून दिले आणि त्याबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले.

१९०५ साली हैदरी हैदराबाद राज्यात महालेखापाल म्हणून आले. पुढे ते अर्थसचिव झाले आणि १९११ पासून शिक्षण खातेही त्यांच्याकडे आले. हिशेबात मुरलेल्या या माणसाला शिक्षणाच्या कारभारातील तूट चटकन दिसली. राज्यात निजाम कॉलेज होते, पण ते मद्रास विद्यापीठाला जोडलेले. अभ्यासक्रम तिकडचा, परीक्षा इंग्रजीतून. लहानपणी देशी भाषेत शिकलेला मुलगा वर जाताच अडखळे. विषय समजून घेण्यात खर्च व्हायची ती ताकद परकी भाषा घोकण्यात संपे. शिडी खालून चढायला मजबूत होती, पण मधल्या पायऱ्याच नव्हत्या.

१९१७ साली हैदरींनी निजाम मीर उस्मान अली खान यांच्यापुढे एक निवेदन ठेवले. राज्याचे स्वतःचे विद्यापीठ असावे, त्यात सर्व विषय उर्दूतून शिकवावेत आणि इंग्रजी ही भाषा म्हणून प्रत्येकाला सक्तीची असावी, अशी ती योजना होती. त्याच वर्षी फर्मान निघाले आणि उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला गेला. हिंदुस्थानातील विद्यापीठे तोवर इंग्रजीतूनच चालत. देशी भाषेत भौतिकशास्त्र, गणित, कायदा शिकवता येईल, यावर पुष्कळ विद्वानांचा विश्वास नव्हता.

येथे हैदरींची व्यवहारी बुद्धी दिसते. पुस्तकांवाचून वर्ग भरवून उपयोग नाही, हे ओळखून वर्ग भरण्याआधीच दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग स्थापन झाला. मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली तेथे काम सुरू झाले. शास्त्रीय संज्ञांना प्रतिशब्द ठरविण्यासाठी विद्वानांच्या समित्या बसत, एकेका शब्दावर वाद झडत. अशा रीतीने पुढील तीन दशकांत शेकडो ग्रंथ उर्दूत आले. १९१९ साली भाड्याच्या इमारतीत वर्ग सुरू झाले. आज आपण पाहतो ती आर्ट्स कॉलेजची भव्य वास्तू १९३९ साली, म्हणजे वीस वर्षांनी पुरी झाली.

विद्यापीठाची घडणही पाहण्यासारखी होती. कला व विज्ञान शाखांबरोबर कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी अशा शाखा एकामागून एक निघाल्या. मुसलमान विद्यार्थ्यांना दीनियात आणि इतरांना नीतिशास्त्र हा विषय असे. मुलींसाठी १९२४ साली स्वतंत्र महाविद्यालय निघाले. इंटरपर्यंतची महाविद्यालये जिल्ह्यांच्या ठिकाणी काढली गेली आणि त्यांपैकी एक १९२३ साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झाले. मराठवाड्याच्या मुलांना घराजवळ उघडलेला उच्च शिक्षणाचा तो पहिला दरवाजा होय.

हैदरी १९२१ पासून राज्याचे अर्थमंत्री होते. निजामाची रेल्वे कंपनीकडून राज्याच्या ताब्यात आली ती १९३० साली, त्यांच्याच काळात. अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनाला त्यांनी मनापासून पाठबळ दिले. गोलमेज परिषदेत हैदराबादचे नेतृत्व केले आणि १९३७ साली ते राज्याचे पंतप्रधान झाले.

पण थोर माणसाचे चरित्र सांगताना उणी बाजू झाकू नये. राज्यातील बहुसंख्य प्रजेची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. उर्दू ही कारभाराची आणि सर्व प्रांतांना जोडणारी भाषा, म्हणून तिची निवड झाली. हिंगोलीच्या उर्दू बोलणाऱ्या मुलाला उस्मानिया जवळचे झाले, पण त्याच्या शेजारच्या मराठी मुलाला इंग्रजीच्या जागी दुसरी भाषा शिकावी लागली. जी अडचण हैदरींनी इतक्या नेमकेपणाने ओळखली होती, तीच तिथे शिल्लक राहिली. १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्यावरून उस्मानियातल्या आणि औरंगाबादच्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. राज्याची सूत्रे तेव्हा हैदरींच्याच हाती होती. शिक्षणाचे दार उघडणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीतच ते काही मुलांवर बंद व्हावे, याची खंत वाटते.

१९४१ साली हैदरी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर गेले आणि जानेवारी १९४२ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि थोड्याच काळात उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला मिळाले. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि हिंगोलीची महाविद्यालये त्याला जोडली गेली. हैदराबादची वाट आता नांदेडपर्यंत आखूड झाली आहे.

वाट आखूड झाली, तरी प्रश्न तोच आहे. मुलाला कोणत्या माध्यमात घालावे, या विचाराने आपल्यातले कितीतरी आईबाप रात्र रात्र जागतात. उर्दू शाळेत शिकलेली हुशार मुलगी दहावीनंतर घरी बसते, कारण पुढची पायरी तिला सापडत नाही. शेजारच्याचे पाहून इंग्रजी शाळेत घातलेला मुलगा घोकतो खूप, पण समजत काहीच नाही. हैदरींच्या जीवनातून आपण एवढे तरी घ्यावे की पाया समजणाऱ्या भाषेत घालावा आणि इंग्रजी मन लावून शिकावी. आपल्या मुलांनी मराठीही अशी पक्की करावी की नांदेडच्या वर्गात किंवा हिंगोलीच्या कचेरीत ती परकी वाटू नये. आणि संस्था चालविणाऱ्या आम्हा मंडळींनी इमारतीच्या आधी पुस्तकांची आणि पुढच्या पायरीची सोय करावी.

उस्मानियाचे वर्ग वीस वर्षे आर्ट्स कॉलेजच्या त्या इमारतीवाचून चालले, पुस्तकांवाचून मात्र एक दिवसही चालले नसते. हे ध्यानात ठेवून आपण कामाला लागू या. अल्लाह आपल्या मुलामुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो, आमीन.