संपत्तीचा विश्वस्त

जमनालाल बजाज यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळच्या एका खेड्यात झाला. लहानपणीच वर्ध्याचे श्रीमंत व्यापारी बच्छराज बजाज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. त्यामुळे ते मोठ्या संपत्तीचे वारस झाले.

एकदा लग्नाला जाताना आजोबांनी त्यांना दागिने घालण्यास सांगितले. जमनालालांना साधेपणा आवडे. त्यांनी नकार दिला. आजोबा संतापले व नाही नाही ते बोलले. तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या जमनालालांनी आपला संपत्तीवर हक्क नाही, असे मुद्रांकावर लिहून दिले आणि घर सोडले. आजोबांना पश्चात्ताप झाला. त्यांनी नातवाची समजूत घालून त्याला परत आणले.

१९०७ साली बच्छराज वारले. धंद्याचा सारा भार जमनालालांवर पडला. त्यांनी कापसाचा व्यापार सचोटीने केला आणि वाढवला. मात्र ही संपत्ती आपली नाही, ती लोकांची अमानत आहे, असे ते मानत.

गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. १९२१ साली जमनालालांनी सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी सोडली. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. १९२८ साली त्यांनी वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुले केले.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात त्यांचे निधन झाले. मिळालेले धन त्यांनी वाढवले, पण त्याचे गुलाम ते कधीच झाले नाहीत.