रक्ताची ओळख पटविणारे कार्ल लँडस्टायनर



रुग्णाला रक्त चढविण्यापूर्वी डॉक्टर त्याचा गट पाहतात, दात्याचे रक्त त्याच्या रक्ताशी जुळवून बघतात आणि मगच पिशवी लावतात. या खबरदारीचा पाया घालणारे कार्ल लँडस्टायनर १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात जन्मले. वडील पत्रकार होते. पण कार्ल अवघे सहा वर्षांचे असताना त्यांचे छत्र हरपले. आईने मुलाला वाढविले, शिकविले. १८९१ मध्ये ते व्हिएन्नात डॉक्टर झाले. दवाखाना थाटून बसता आले असते; हे गृहस्थ पुन्हा विद्यार्थी होऊन रसायनशास्त्र शिकायला निघाले!

त्या काळी रक्त देणे म्हणजे जुगार होता. कोणी वाचे, कोणी दगावे. लँडस्टायनर यांनी स्वतःचे व पाच सहकाऱ्यांचे रक्त घेतले आणि एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तरसात मिसळून पाहिल्या. कुठे गुठळ्या झाल्या, कुठे नाही. त्यावरून १९०१ मध्ये त्यांनी तीन गट मांडले. चौथा, एबी, पुढच्या वर्षी इतरांना सापडला. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत होते.

तरी एक कोडे उरलेच. गट जुळूनही काही रुग्णांना दुसऱ्या-तिसऱ्या वेळी रक्त घेताना हुडहुडी भरे, ताप येई. १९३९ मध्ये त्यांचे जुने सहकारी फिलिप लेव्हिन यांनी एका स्त्रीची हकीकत नोंदविली. तिचे मूल मृत जन्मले होते आणि नंतर नवऱ्याचे, गट जुळणारे रक्त देताच तिला त्रास झाला. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या रक्तावरून आरएच घटक दाखविला.

आता नीट लक्ष द्या. ए आणि बी यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, रक्त न घेताही आपल्या अंगात असतात. आरएचसारख्या घटकांचे तसे नाही. परक्या पेशी रक्तातून किंवा गर्भातून शरीरात शिरल्या, तरच ते सहसा तयार होतात. म्हणून पहिली पिशवी निर्धोक जाते आणि पुढची अंगावर येते. थॅलसेमियाच्या मुलांना वरचेवर रक्त लागते. त्यांना हा धोका अधिक. त्यात गोम अशी की, काही वर्षांत प्रतिपिंड इतके कमी होतात की तपासणीत दिसतही नाहीत. पण शरीर विसरलेले नसते. तीच पेशी पुन्हा आली की ते झपाट्याने वाढतात. म्हणून पूर्वी प्रतिपिंड आढळल्याची नोंद असलेला कागद घरात जपून ठेवा आणि दवाखाना बदलला तर नव्या डॉक्टरांना आधी तो दाखवा. आरएच निगेटिव्ह मुलींच्या आयांनीही मुलीचा गट लिहून ठेवावा. गरोदरपणी वेळेवर अँटि-डी इंजेक्शन देता येते.

लँडस्टायनर शेवटपर्यंत कामात होते. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्या हातात प्रयोगाची काचनळी होती. दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.