हान्स बर्गर : मेंदूच्या लहरी कागदावर उतरवणारा डॉक्टर

डोक्यावर टोपीसारखं उपकरण घालून, नुसत्या विचाराने कॉम्प्युटरवर अक्षरं टाईप करणारे लोक तुम्ही व्हिडिओत पाहिले असतील. त्यासाठी कवटी उघडावी लागत नाही. ही किमया ज्या तंत्रावर उभी आहे, त्या ईईजीचा जनक म्हणजे जर्मनीचे मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी कोबुर्गजवळच्या नॉयझेस गावात झाला. नल-दमयंतीची कथा जर्मनमध्ये नेणारे कवी फ्रिडरिश र्‍यूकर्ट हे त्यांच्या आईचे वडील. बर्गर यांना खरं तर खगोलशास्त्र शिकायचं होतं, पण पहिल्याच सत्रानंतर ते सैन्यात दाखल झाले.

तिथे सरावात ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, खुशाली विचारणारी. दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात आहे असं वाटलं होतं आणि तिनेच वडिलांना तार करायला लावली होती. आपला विचार बहिणीपर्यंत पोहोचला, अशी बर्गर यांची खात्री झाली. मनाची ही शक्ती मोजायची, या ध्यासाने ते डॉक्टर झाले.

१८९७ पासून ते येना इथल्या मनोरुग्णालयात काम करू लागले आणि १९१९ मध्ये तिथले प्रमुख झाले. मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तापमान मोजलं, पण उत्तर सापडेना. मग ते विजेकडे वळले. प्राण्यांच्या मेंदूत वीज असते हे ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच दाखवलं होतं. माणसाच्या डोक्यावरून ती टिपणं मात्र अवघड, कारण हा दाब असतो व्होल्टच्या जेमतेम काही लाखांश इतका.

जुलै १९२४ मध्ये बर्गर यांना १७ वर्षांच्या एका रुग्णाच्या डोक्यावरून पहिली नोंद मिळाली. तरीही आपण चुकत तर नाही ना, या शंकेपायी त्यांनी ती पाच वर्षं जाहीर केली नाही. या काळात त्यांनी स्वतःच्या मुलाच्याही मेंदूलहरी नोंदवल्या. १९२९ मध्ये पहिला लेख छापून आला. डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला साधारण १० लहरी दिसतात, डोळे उघडले की त्या दबतात, असं त्यांना आढळलं. या अल्फा लहरी. पण फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी प्रयोग करून दुजोरा दिला, तेव्हा कुठे जगाला पटलं.

त्यांच्या आयुष्याला काळी बाजूही आहे. नाझी राजवटीत लोकांवर सक्तीने नसबंदी लादणाऱ्या न्यायालयाच्या कामात त्यांचा सहभाग होता. १९३८ मध्ये ते निवृत्त झाले. नैराश्याने ग्रासलेल्या बर्गर यांनी १ जून १९४१ रोजी येनामध्ये आत्महत्या केली.

विचार दूरवर पोहोचतात याचा पुरावा त्यांना कधीच मिळाला नाही. उलट ईईजीने दाखवलं की कवटीबाहेर येईपर्यंत मेंदूची वीज अगदी क्षीण होते. पण माणसाच्या कृतीनुसार त्या लहरी बदलतात, हे त्यांनी दाखवलेलं सूत्र टिकलं. १९७३ मध्ये अमेरिकेत जॅक विदाल यांनी याच लहरींनी कॉम्प्युटर चालवण्याची कल्पना मांडली. आज बोलता किंवा हलता न येणाऱ्या रुग्णांसाठी त्याच वाटेवर संशोधन सुरू आहे.