वीर यशवंत घाडगे

आपल्या स्मरणिकेतून आपण गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करतो, दानशूर बांधवांचे आभार मानतो आणि दिवंगत वडीलधाऱ्यांचे स्मरण करतो. यंदा आम्ही वाचकांपुढे अशा एका तरुणाचे चरित्र ठेवीत आहोत, की ज्याला आयुष्याची तेवीस वर्षेही पुरी लाभली नाहीत. वीर पुरुष कोणा एका ज्ञातीचा नसतो, तो साऱ्या महाराष्ट्राचा असतो. म्हणून हे चरित्र घरातील मुलाबाळांस जवळ बसवून वाचावे, अशी विनंती आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. कोकणातील त्या डोंगराळ मुलखात केवळ भातशेतीवर संसार चालणे कठीण. त्यामुळे घरातील एखाद्या कर्त्या मुलाने मुंबईची गिरणी गाठावी अथवा पलटणीत नाव नोंदवावे, ही तिकडची जुनी रीत. यशवंत पलटणीत गेले. बेळगाव हे ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे माहेरघर, तिच्या तिसऱ्या पलटणीत ते होते. या पलटणीने १९४१ साली आफ्रिकेतील एरिट्रियात केरेनच्या लढाईत मोठा लौकिक मिळविला होता. यशवंत नाईक झाले. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती असलेला, आठ-दहा शिपायांच्या तुकडीचा म्होरक्या.

१९४४ च्या जूनमध्ये दोस्त सैन्याने रोम घेतले व जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. हटताना ते टेकडी-टेकडीवर ठाण मांडून लढत होते. दहाव्या हिंदी डिव्हिजनमधून मराठ्यांची ही पलटण तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात पुढे सरकत होती. १० जुलै रोजी यशवंतांच्या कंपनीने शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर चढाई केली. तोच अगदी जवळून मशीनगनचा भडिमार झाला आणि यशवंतांच्या तुकडीतील प्रत्येक शिपाई ठार वा जखमी होऊन पडला. उभे राहिले ते एकटे नाईक.

अशा वेळी माघारी येऊन मदत मागितली असती, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. यशवंत पुढे धावले. हातबाँब फेकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांचा निकाल लावला. दुसऱ्या शत्रुसैनिकास टॉमीगनने टिपले. गोळ्या संपल्या, नव्या भरण्यास उसंत नव्हती. तेव्हा नळीकडून बंदूक धरून दस्त्याच्या तडाख्यांनी त्यांनी उरलेल्या दोघांस लोळविले. ठाणे हाती आले. परंतु दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच यशवंतांनी देह ठेवला.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्याचे हे सर्वोच्च शौर्यपदक. इटलीच्या मोहिमेत असे वीस क्रॉस दिले गेले. त्यांपैकी सहा हिंदी सैन्यातील जवानांचे होते. पुढे १९४५ च्या एप्रिलमध्ये मराठा पलटणीचेच नामदेव जाधव यांनीही हा मान मिळविला व ते सुखरूप परतले.

हे युद्ध परक्या राजाचे होते, मग त्याचा अभिमान का धरावा, असा प्रश्न तरुण मंडळी करतात. प्रश्न रास्त आहे. १९४२ साली देशाने चले जावचा पुकारा केला होता आणि १९४४ सालीच आझाद हिंद सेना इंफाळच्या बाजूस लढत होती. आमचे मत असे की, युद्ध पुकारणे पळसगावच्या शेतकरीपुत्राच्या हाती नव्हते. पडलेल्या सोबत्यांना टाकून मागे फिरावे की पुढे जावे, एवढेच त्याच्या हाती होते. त्याने जे निवडले, त्याला मोल आहे. तीच पलटणींची परंपरा पुढे स्वतंत्र भारताच्या रक्षणास उभी राहिली, हेही विसरता येत नाही.

यशवंतांची समाधी कोठेही नाही. ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे इटलीतील कासिनो येथील स्मारकावर कोरली आहेत. त्यांत एक नाव त्यांचे. माणगावी तहसील कचेरीच्या आवारात त्यांचे स्मारक आहे. जुलै २०२३ मध्ये तिबेर खोऱ्यातील मोंटोने या गावीही त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपाने स्मारक उभे राहिले. परमुलखातील लोकांनी एकोणऐंशी वर्षांनंतर आपल्या मुलाची आठवण ठेवली.

आपले मनमाड हे जंक्शनचे गाव. रजा संपवून पेटी खांद्यावर घेतलेला जवान आपल्या फलाटावर आजही दिसतो आणि त्याला पोचवायला आलेली माणसे गाडी दिसेनाशी होईतो उभी असतात. यशवंतांचे नाव दगडावर तरी कोरले गेले. कित्येकांचे तेवढेही झाले नाही. म्हणून सभासद कुटुंबांना आमचे सांगणे एवढेच की, आपल्या घराण्यातून जो कोणी पलटणीत गेला, त्याचे नाव, गाव, पलटण व साल वहीत लिहून ठेवावे. त्याची पत्रे व पदके जपावीत. ज्या घरात ही आठवण राहील, त्या घरातील मुलांना शौर्याचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.