शंखशिंपल्यांचे अंकगणित : ताराबाई मोडक

गणपती ही विद्येची देवता. तेव्हा स्मरणिकेत एखाद्या विद्याव्रतीची ओळख असावी, असे संपादक मंडळाने सुचवले आणि यंदा ते काम माझ्याकडे आले. मी ताराबाई मोडकांचे नाव सांगितले. (उत्सवाच्या दिवसांत मोडक-मोदक हा विनोद व्हायचा तो झालाच!) आपल्या बेंगळुरूत गल्लोगल्ली मॉन्टेसरी शाळांच्या पाट्या दिसतात. आपल्यापैकी बहुतेकांची मुले-नातवंडे तिथूनच एक-दोन शिकली. पण हीच पद्धत कुडाच्या झोपडीपर्यंत नेणारी मराठी बाई आपल्याला फारशी ठाऊक नसते.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा. माहेरच्या त्या केळकर, घरात प्रार्थना समाजाचे वातावरण. 1914 मध्ये त्या बी.ए. झाल्या. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला, पण तो टिकला नाही. 1921 मध्ये पदरी लहान मुलगी असताना त्या कायद्याने विभक्त झाल्या. त्या काळी हे पाऊल उचलणाऱ्या बाईकडे समाज कसा पाहत असेल, हे वेगळे सांगायला नको. राजकोटला अध्यापिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. चांगला पगार, मानाची जागा. ती सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. मॉन्टेसरीबाईंचे विचार वाचून ते बालशिक्षणाकडे वळलेले. 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. 1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला, तोही नावारूपाला आला.

मॉन्टेसरी पद्धतीत अंक आधी हाताला कळतो, मग तोंडाला. दहा दांड्या असतात, सर्वांत लहान दहा सेंटिमीटरची आणि सर्वांत मोठी एक मीटरची. मूल ती मोठी दांडी दोन्ही हातांनी उचलते, तेव्हा दहा म्हणजे एकापेक्षा किती जास्त हे त्याला अंगाने समजते. मग चात्यांची पेटी. शून्यापासून नवापर्यंत दहा कप्पे आणि बरोबर पंचेचाळीस चात्या. एकाच्या कप्प्यात एक, दोनाच्यात दोन असे टाकत जायचे. कुठे चूक झाली तर शेवटी चाती उरते किंवा कमी पडते, बाईंनी रागावण्याची गरजच नाही. शून्याचा कप्पा मात्र रिकामा राहतो. शून्य म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने शिकवलेले मला तरी माहीत नाही.

पण अशी पॉलिश केलेली, मापात बसवलेली लाकडी साधने महाग. दादरच्या पालकांना ती परवडत होती. खेड्यातल्या मुलाचे काय? हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. 1945 च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, चालता शिशुविहार मागे ठेवून त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. सोबतीला अनुताई वाघ आल्या. मोरगावला जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई.

बोर्डीत पेटीची जागा किनाऱ्याने घेतली. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, फुले. जे मुलाच्या वाटेत पडलेले, तेच मोजायचे. पैसा तर वाचलाच, पण माझ्या मते लाभ त्याहून मोठा होता. पेटीतल्या साऱ्या चात्या एकसारख्या असतात. शिंपले तसे नसतात. पाच मोठे शिंपले आणि पाच इवलेसे खडे शेजारी मांडले की पाचपणा वस्तूच्या आकारात नाही, हे मुलाला आपोआप उमगते. अर्थात मर्यादाही आहे. लांबीचे काम शिंपल्यांनी होत नाही, त्यासाठी काठ्या मापानेच कापाव्या लागतात.

खरी अडचण मात्र साधनांची नव्हतीच. हरिजन वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची असे ठरले. मुलांना न्हाऊ-माखू घालायचे, केस विंचरायचे, आणि त्याच अंगणातल्या बिया घेऊन मोजायला बसायचे. 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेले. तिथे मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यात आणि मुलगे गुरे राखण्यात अडकलेले. त्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी निघाली, आणि गुराख्यांसाठी थेट कुरणात भरणारी कुरणशाळा. आपल्या गुरांची मोजदाद रोज करणाऱ्या पोराला गणित येत नाही असे कोण म्हणेल? त्याला फक्त ते पाटीवर मांडता येत नव्हते.

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्या मुलांना मराठी अंक जड जातात, ही मंडळातली कायमची तक्रार. कन्नडात वीस म्हणजे इप्पत्तु आणि एकवीस म्हणजे इप्पत्तोंदु, सरळ वीस आणि एक. आपल्याकडे एकोणतीस ऐकून मूल तिसाकडे धावते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस दोन अशी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! माझा अनुभव असा, की दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून दिल्या की भांडण मिटते. तीन जुड्यांतली एक काडी काढून घ्या. हातात उरते तेच एकोणतीस. वजाबाकीत जुडी सोडावी लागते, तेव्हा दशक का मोडायचा हेही कळते. आमच्या ऑफिसातल्या एका कन्नड सहकाऱ्याने घरी हाच प्रयोग आइस्क्रीमच्या काड्यांनी केला.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाडचे काम 1992 मध्ये आपला अंत होईपर्यंत चालवले; त्यांनाही 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. ताराबाईंच्या पश्चात दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. कर्नाटकातील पहिल्या अंगणवाड्या याच योजनेत म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूर तालुक्यात उघडल्या. तलकाडच्या सहलीला जाताना हा तालुका आपल्या वाटेवरच लागतो.